अनुभव धागा : आमच्या गावात नाही, पलीकडच्या गावात

मावळतीकर

नमस्कार मंडळी. डब्लिनबाहेर, आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा धागा काढतोय. विषय जड आहे, इथला जुना बटाट्याचा दुष्काळ, पण बरेच दिवस डोक्यात घोळत होता.

आम्ही क्लेअर काउंटीत एनिस्टायमनजवळ राहतो, नऊ वर्षं झाली. शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे, अजून गुरांचं सगळं स्वतः बघतात. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो असताना मी सहज विचारलं, "दुष्काळात इथली किती माणसं गेली?" आजोबांनी कपात दूध ओतलं, बराच वेळ ढवळलं आणि म्हणाले, "इथे तसं फार नाही. पलीकडच्या पॅरिशमध्ये मात्र हाल झाले." (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग.) काही महिन्यांनी त्याच पलीकडच्या पॅरिशमधल्या एक बाई बायकोला दुकानात भेटल्या. त्यांनी आमच्या टेकडीकडे हात केला. "तुमच्या बाजूला फार मेली हो माणसं. आम्हाला समुद्र होता, निभावलं."

तेव्हापासून मला हा नादच लागलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८४५ च्या सप्टेंबरात बटाट्यावर रोग आला, १८४६ ला जवळजवळ सगळं पीक गेलं आणि १८५२ पर्यंत हे रखडत चाललं. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने गेली, साधारण तेवढीच बोटीत बसून देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं होती, १८५१ ला साडेपासष्ट लाख. आज उत्तर-दक्षिण मिळून मोजली तरी तो जुना आकडा गाठलेला नाही. आयरिश भाषेत याला 'गोर्टा मोर' म्हणतात, मोठी उपासमार. जुनी माणसं नुसतं 'वाईट दिवस' अशा अर्थाचा शब्द वापरतात आणि पुढे बोलत नाहीत.

गावाबाहेर लाहिंचच्या रस्त्याला एक स्मारक आहे, १९९५ साली उभारलेलं. एका बाजूला मोठ्या बंद दारापुढे उभं राहिलेलं लहान पोर. समोरच्या दगडात एका आईचा चेहरा आणि आवळलेल्या मुठी. खाली एक चिठ्ठी कोरली आहे. १८४८ च्या फेब्रुवारीत वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी आश्रयघराच्या, दाराशी आलेल्या पोराबरोबरची ही चिठ्ठी. मजकूर असा, की हा लाहिंचचा मुलगा, वय चारेक वर्षं, बाप गेल्या साली वारला, आई परवा बुधवारी रात्री गेली, तिला आता पेटीशिवाय पुरायची वेळ आलीय. मुलगा फाटकाशी उभा आहे, आत घेतला नाही तर उपाशी मरेल. पहिल्यांदा वाचली तेव्हा आमचा मुलगा चारचाच होता. तो त्या दगडी दारावर टकटक करत होता आणि मी त्याला ओढून गाडीत घातलं.

तर पुस्तकातलं नको. तुमच्या गावात, शेजारी, कामावर ही आठवण कुठे भेटली ते लिहा. अर्धवट असलं तरी चालेल.

मोरचूद

आयडी बघून कळलं असेलच, शेतकऱ्याचं पोरगं आहे. मूळ गाव सातगाव पठारावर, म्हणजे बटाट्यातच जन्म. हल्ली मीथ काउंटीत राहतो, नोकरी डेअरीत.

पहिल्याच उन्हाळ्यात रेडिओवर बातम्यांनंतर हवामान सांगताना बाई म्हणाल्या, पश्चिमेला बटाट्याच्या ब्लाइटचा इशारा आहे. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वादळाचा इशारा असतो, पुराचा असतो, बटाट्याच्या रोगाचा? पण खरंच देतात. बारा तास हवा नव्वद टक्क्यांवर दमट आणि तापमान दहा अंशांच्या खाली गेलं नाही, की रोगाला पोषक, असा त्यांचा हिशेब आहे.

आमच्या बांधाशेजारी एक म्हातारे शेतकरी घरापुरते बटाटे लावतात. त्या इशाऱ्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारून एक पान दाखवलं. वरून तपकिरी काळा डाग, उलटं केलं तर कडेने पांढुरकी बुरशी. मी म्हटलं, हा तर करपा! उशिराचा करपा. आमचे वडील याला जेवढं घाबरतात तेवढं बिबट्याला घाबरत नाहीत. तोच जीव, तीच बुरशी. (शास्त्रज्ञ म्हणतात ती खरी बुरशी नव्हे. पण वडिलांना ते सांगून उपयोग नाही.)

म्हाताऱ्याला विचारलं, पूर्वी काय मारायचे? म्हणाला, ब्लूस्टोन आणि धुण्याचा सोडा. ब्लूस्टोन म्हणजे काय ते मला कळेना. मग त्याने गोठ्याच्या माळ्यावरून एक जुना गंजका डबा काढला, तळाला निळे खडे. मोरचूद! आमच्याकडे मोरचूद आणि चुना, बोर्डो मिश्रण, इथे चुन्याऐवजी सोडा. त्या डब्यावरून आमची जी दोस्ती झाली ती आजतागायत आहे.

पण हे औषध सापडलं १८८५ ला, तेही फ्रान्सात द्राक्षांसाठी. इथली माणसं तोवर चाळीस वर्षं मातीत गेलेली. तेव्हा गरिबाकडे एकच वाण होता, लम्पर नावाचा. चवीला पाणचट, पण कसल्याही जमिनीत भरमसाट यायचा. बेणं बटाट्याचंच, म्हणजे सगळ्या देशात एकाच झाडाचे तुकडे लावल्यासारखं. एकाला लागलं की सगळ्यांना. कामाचा माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, बरोबर ताक. ऐकायला अचाट वाटतं, पण दुसरं काही नव्हतंच ताटात.

वास मात्र मला कुणी सांगायला नको. सडलेल्या बटाट्याची वखार ज्याने एकदा उघडली आहे त्याला तो माहीत आहे. तो वास गावभर, सगळ्या शिवारांतून एकाच आठवड्यात.

निळी छत्री

मी नर्स आहे, मेयोत वृद्धाश्रमात. नाव-गाव सांगत नाही.

आमच्याकडे एक आजी होत्या. त्यांच्या स्वेटरच्या खिशात रोज पावाचा तुकडा सापडायचा. धुवायला टाकताना खिसे तपासले नाहीत तर मशिनभर चुरा. नव्या मुलींना वाटायचं, विसरभोळेपणा. मीही एकदा रागावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "डोंगरावरून जायचं तर खिशात काहीतरी हवं."

मग हळूहळू कळलं. इथे 'भुकेलं गवत' नावाची समजूत आहे, आयरिशमध्ये 'फेअर गोर्तख'. दुष्काळात जिथे माणूस भुकेने पडून मेला तिथे उगवलेलं गवत. दिसायला इतर गवतासारखंच. चुकून पाय पडला की धडधाकट माणसाच्या अंगातलं त्राण जातं, गुडघे वाकतात, तिथेच बसावं लागतं. उपाय एकच, लगेच काहीतरी तोंडात टाकायचं, भाकरीचा कण का असेना. म्हणून खिशात तुकडा. त्यांच्या आजीने त्यांना शिकवलेलं. त्या खुर्चीतून उठून बाथरूमपर्यंतही एकट्या जाऊ शकत नव्हत्या, डोंगर कुठला! पण तुकडा रोज.

मी नंतर धुवायच्या आधी तो काढून धुतलेल्या स्वेटरात परत ठेवायला लागले.

सुट्टीच्या दिवशी आम्ही डूलॉखला गेलो होतो. लुइसबर्गपासून डेल्फीकडे जाणारा रस्ता, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला उघडा डोंगर. १८४९ च्या मार्चअखेर मदतीसाठी आलेल्या शेकडो लोकांना सांगितलं गेलं, की तपासणी उद्या सकाळी डेल्फीच्या बंगल्यावर होईल, नाही आलात तर नाव कापलं जाईल. रात्री, थंडीत, अंगावर चिंध्या, एकोणीसएक किलोमीटर चाल. तिथे पोचल्यावर साहेब जेवायला बसले होते. थांबायला लावलं आणि मग रिकाम्या हाती परत पाठवलं. परतीच्या वाटेवर माणसं मेली. किती, यावर अजून वाद आहे. काही जण सात म्हणतात, काही चारशे. त्या रस्त्यावरच्या स्मारकावर गांधीजींचं वाक्य कोरलेलं आहे, दुसऱ्याच्या मानहानीत माणसाला स्वतःचा मान कसा काय वाटतो, अशा अर्थाचं. मेयोच्या डोंगरात, पावसात, आजूबाजूला नुसत्या मेंढ्या आणि समोर गांधीजी. मी मराठीतच मोठ्याने वाचलं. नवरा म्हणाला, मेंढ्यांना सांगतेस का?

मांजराकाठ

वरचा मोरचूदभाऊंचा प्रतिसाद लई आवडला. माझा अनुभव गमतीचा आहे आधी, मग नाही.

रॉसकॉमनमध्ये घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, आमच्या पणजीकडे दुष्काळात 'इंडियन मील' खायचे. मी खूश! म्हटलं वा, वरणभात का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. इंडियन मील म्हणजे मक्याचं पीठ, अमेरिकेतून आलेलं. १८४५ ला पंतप्रधान पीलने एक लाख पौंडांचा मका गुपचूप मागवला होता. दाणा दगडासारखा कडक, दळायला धड गिरण्या नाहीत, शिजवायचा कसा ते कुणाला ठाऊक नाही. अर्धकच्चा खाऊन पोटं बिघडली. पिवळा रंग बघून लोक त्याला 'पीलचं गंधक' म्हणायचे.

हे ऐकलं आणि मला लातूरकडची माझी आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात तिकडे मिलो आला होता, तोही अमेरिकेचाच. लाल ज्वारी. आजी त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची, म्हणायची, "जनावरायचं खाणं आमच्या ताटात वाढलं सरकारनं." सुकडीचं मात्र कौतुक. घरमालकीणबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगदी तसंच तोंड माझी आजी करायची. पोटात घातलं, पण आयुष्यभर शिव्या घातल्या.

आणि मावळतीकर, तुमचं ते 'पलीकडच्या पॅरिशमध्ये'. आमची आजी कायम सांगायची, "आपण नाही गेलो बरं खडी फोडायला. खालच्या आळीची जायची." आजी गेली तेव्हा चुलतआत्या रडता रडता म्हणाली, हिच्या डाव्या अंगठ्याचं नख खडी फोडताना गेलं ते पुन्हा धड आलंच नाही. तो अंगठा मी लहानपणापासून बघत होतो. आजी म्हणायची, उखळात सापडला.

फटकळ

सगळं वाचून छान वाटतंय, पण नुसता करपा-करपा करू नका. करपा त्या वर्षांत बेल्जियम-हॉलंडातही पडला. दहा लाख माणसं इथेच का मेली? जमीन जमीनदाराची, जमीनदार लंडनला, ओट आणि लोणी आणि गुरं बोटीत. आणि लंडनच्या सरकारी खजिन्याचा कारभार बघायला ट्रेव्हेल्यनसाहेब, आधी आपल्याकडे नोकरी करून गेलेले आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले. लोकांना फुकट दिलं तर आळशी होतील, हे तत्त्वज्ञान! १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपगृहांतून दिवसाला तीस लाखांवर लोकांना अन्न मिळत होतं, म्हणजे जमतं हे सिद्ध झालं होतं. तर तेच बंद केलं. वर कायदा, की पाव एकराहून जास्त जमीन असेल तर मदत नाही. आधी जमीन सोडा, मग खा.

आणि हे आपल्याला परकं नाही. १८७७ ला आपल्याकडे ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला रत्तलभर धान्य आणि वर जेमतेम एक आण्यावर आणली. तीच शाळा, तेच मास्तर.

मावळतीकर

@फटकळ, बहुतेक पटतं. एवढंच, की १८४७ ला बाहेरून आलेलं धान्य बाहेर गेलेल्यापेक्षा बरंच जास्त होतं. घात झाला तो मधल्या महिन्यांत. १८४६ चं पीक गेलं आणि मका पुरेसा यायला पुढचा वसंत उजाडला, तोवर हिवाळा झाला. आणि आला तेव्हा विकत घ्यायला खिशात पैसे कुणाच्या होते? असो, वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे गावातलं येऊ द्या.

चौथीची आई

आमची मुलगी इथल्या छोट्या राष्ट्रीय शाळेत जाते. दोन शिक्षक, चाळीसेक मुलं. त्यांना प्रकल्प दिला होता, आपल्या गावच्या जुन्या गोष्टी.

तुम्हाला माहीत असेल-नसेल, १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या सरकारने फार भारी काम केलं. देशभरातल्या शाळांतल्या मोठ्या वर्गातल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणा. भुताखेतांच्या गोष्टी, औषधं, खेळ, आणि दुष्काळ. जवळजवळ पन्नास हजार मुलांनी लिहिलं. आता ते सगळं इंटरनेटवर आहे, शाळेनुसार, मुलांच्या हस्ताक्षरात. आम्ही आमच्याच शाळेचं पान उघडलं. शाईचे डाग, तिरकी अक्षरं, आणि विषय, एकच पेटी सगळ्या गावाला. पेटीचा तळ बिजागरीवर होता. प्रेत खड्ड्यावर न्यायचं, खिटी काढायची, तळ उघडतो, प्रेत खाली, पेटी परत पुढच्या घरी. लिहिणारा मुलगा बारा-तेराचा असेल. खाली लिहिलं होतं, हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं.

मुलीने विचारलं, "मम्मा, खिटी म्हणजे?" मी कपाटाची कडी दाखवली.

पुढे एक भानगड झाली. दुसऱ्या एका पानावर, त्या काळात कुणी सूपसाठी धर्म बदलला, त्या घराचं आडनाव होतं. काही ठिकाणी मिशनरी लोक सूप द्यायचे आणि बरोबर धर्मही. अशांना 'सूपर' म्हणत, शिवी आहे ती. तेच आडनाव मुलीच्या वर्गातल्या मुलाचं. मुलीने निरागसपणे वर्गात वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, ठीक आहे, पुढचं पान. संध्याकाळी त्या मुलाच्या आजीचा मला फोन. चिडून नाही, अगदी हळू आवाजात. "ते आम्ही नव्हे हं. आमचे वेगळे. ते डोंगराकडचे."

पावणेदोनशे वर्षं झाली हो सूपाच्या एका वाटीला.

पाणकावळा

कॉर्कमध्ये असतो. स्किबरीनला अ‍ॅबीस्ट्राउरीचं कब्रस्तान पाहिलं. बाकी थडग्यांवर नावं, फुलं, दिवे. मधे एक नुसता हिरवा तुकडा, व्यवस्थित कापलेलं गवत. त्याखाली आठ ते दहा हजार माणसं. आमच्या घरामागचं क्रिकेटचं मैदान त्याहून मोठं आहे.

दुसरं, मिडल्टनला पोलादाची नऊ पिसं गोलात उभी केलीत, गरुडाची, वीस फुटी. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांनी १८४७ ला इथल्या भुकेल्यांसाठी १७० डॉलर पाठवले होते, त्याची आठवण. त्यांना स्वतःला जेमतेम सोळा वर्षांपूर्वी गावं सोडून पायी हाकलायला सुरुवात झाली होती. वर्गणी कलकत्त्याहूनही आली होती, चौदा हजार पौंड. आमच्या ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं, चॉक्टॉंचं सगळ्यांना माहीत.

आडवाट

मी ट्रेकवाला, त्यामुळे माझं माणसांशी कमी आणि डोंगरांशी जास्त. अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोरच्या पायथ्याशी ओस पडलेलं गाव आहे, ऐंशी-शंभर घरं, छप्पर एकालाही नाही. (सगळी दुष्काळानेच उठली असं नाही, काही नंतरही वापरात होती.) दुपारी बारा वाजता गेलो तेव्हा डोंगर साधा हिरवा. संध्याकाळी परत येताना ऊन तिरकं झालं आणि सगळ्या उतारावर रेघा उमटल्या. अगदी कंगवा फिरवल्यासारख्या, घरांपासून थेट वर, जिथे आज मेंढीसुद्धा नीट उभी राहत नाही तिथपर्यंत. बटाट्याचे वाफे. इंग्रजीत त्यांना आळशी बेड म्हणतात. आपल्याकडे गादीवाफा म्हणतात, म्हणजे बेडच झाला की! पण आळशी? समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणून त्या चढावर खत म्हणून घालायचे. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्या हातात एकदा फावडं द्यायला हवं होतं.

दहा मिनिटांनी सूर्य खाली गेला, रेघा गेल्या. सोबत आलेल्या मित्राने फोटो काढला, फोटोत काही धड येत नाही.

मोरचूद

@आडवाट, आमच्या म्हाताऱ्याच्या वरच्या कुरणातही तसल्या रेघा आहेत. तो तिथे कधी नांगर घालत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, दगड फार आहेत. मी बघून आलो, दगड नाहीत.

निळी छत्री

@चौथीची आई, तुमचं वाचून एक आठवलं. आमच्या आश्रमाच्या अंगणात तीन पायांचं बिडाचं भलंमोठं भांडं आहे, त्यात जिरेनियम लावलीत. ते सूपाचं दुष्काळी भांडं आहे हे मला तिथे तीन वर्षं काढल्यावर माळीबुवांनी सांगितलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी अशी भांडी गावोगाव दिली होती. नंतर त्यात गुरांना पाणी पाजायचे, आता फुलं. आमच्या आजींना मी तिथे उन्हात बसवायची. त्या खुर्ची फिरवून पाठ करून बसायच्या. मला वाटायचं, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून.

मावळतीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

मोरचूद यांचा 'दगड नाहीत' हा प्रतिसाद वाचून काल पुन्हा शेजारच्या आजोबांकडे गेलो. यावेळी दुष्काळाचं नावच काढलं नाही. त्यांची गाय व्यायला झाली होती, ती बघायला म्हणून गेलो आणि वावरांची नावं विचारत बसलो. इथे प्रत्येक वावराला नाव असतं. विहिरीचं, कोपऱ्यावरचं, पांढऱ्या घोडीचं. खुशीत सांगत होते. खालच्या ओढ्याजवळच्या वावराचं नाव त्यांनी घेतलं ते एका आडनावाने. आजोबांचं आडनाव ते नव्हे. त्या वावराच्या कोपऱ्यात एक चौकोनी दगडी चौथरा आहे, त्यातून हॉथॉर्नचं झाड आलंय.

मी विचारलं, "ही मंडळी कोण?"

"आधी होती."

"मग कुठे गेली?"

आजोबांनी ओढ्यापलीकडे मान केली, पलीकडच्या पॅरिशकडे. तिथे हे आडनाव कुणाचंही नाही, आमचे टपालवाले त्याच पॅरिशचे आहेत, त्यांना मी आज सकाळी विचारलं. मग आजोबा म्हणाले, पाऊस येणार, गाईला आत घ्यायला हवं. फाटक त्यांनी लावलं, दोरी मी बांधली.